सतरा आवर्तनांची सायकल

"हटाऽऽ! हटा, महादेव! अरे हटा म्हणतो ना, ब्रेक लागत नाहीये!"

मी हटलो. म्हणजे हटायला जागा असती तर हटलो असतो. (काशीत वाटेतल्या कुणालाही महादेव म्हणतात, हे नंतर कळलं.) ब्रह्माघाटाची ती गल्ली अशी, की समोरासमोर आलेल्या दोन माणसांपैकी एकाने श्वास सोडायचा आणि दुसऱ्याने तोच निमूटपणे आत घ्यायचा. बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून नुकताच उतरलेला मी, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात भाड्याच्या खोलीची किल्ली घेऊन भिंतीला पालीसारखा चिकटलो. माझ्या शेजारी, गल्लीच्या उरलेल्या सगळ्या रुंदीत, एक काळाकभिन्न नंदी उभा होता. त्याला तर हटायचंच नव्हतं. वरच्या उतारावरून एक काळी, दांडीची सायकल खडखडत आली, माझ्या नाकाला वारा घालून गेली आणि नंदीच्या पोटात जाऊन 'धप्प' अशी थांबली. नंदीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

सायकलवरून पन्नाशी उलटलेले, बुटके, गोरेपान गृहस्थ उतरले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पँटच्या उजव्या पायाला रबरबँड. त्यांनी आधी नंदीला नमस्कार केला, मग मला.

"सातारचे ना तुम्ही? बँकेतले? मी पळसुले. समोरच्याच घरात राहतो. भिऊ नका हो, हे रोजचंच आहे. ब्रेकचे रबर कधीचे घिसून गेलेत. पण म्हटलं, नंदीगुरू इथे उभे आहेत तोवर खर्च कशाला?"

"आणि एखाद्या दिवशी नसले उभे तर?"

"तर साठ पायऱ्या, मग सरळ गंगा," ते शांतपणे म्हणाले. "काशीत थांबायची सोय सगळीकडे आहे, सातारकर. पंचाईत आहे ती चालायची."

हे बंडूनाना पळसुले. पुढची तीन वर्षं मी त्यांच्या समोरच्या घरात राहिलो, आणि त्या तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. त्या दिवशी सातारकर झालो तो झालो. त्यांचं स्वतःचं नावही काही धड अवस्थेत नव्हतं. घरी बंडू, गल्लीत नाना, आणि वरुणेपलीकडच्या ज्या सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते तिथे 'पलसूलेजी'. पळसुल्यांची सातवी पिढी काशीत नांदत होती. पूर्वज पेशव्यांच्या काळात वेद म्हणायला आले आणि परत जायचं विसरले, असं नाना सांगत. विसरले म्हणजे काय, गाडीचं भाडं कोण देणार?

नानांचं मराठी ऐकून पुण्याच्या माणसाला घाम फुटला असता. "सडक बंद आहे, तिकडून घुमून जा," "मला पता आहे," "जल्दी काय आहे, नाश्ता तर करून घे." पण तोच माणूस सकाळी वडिलांसमोर मांडी घालून बसला आणि मंत्र म्हणायला लागला, की अख्ख्या गल्लीत एक अक्षर इकडचं तिकडे व्हायची बिशाद नव्हती. कबुतरंसुद्धा तेवढा वेळ पंख फडफडवत नसत. मी स्वतः पाहिलंय.

वडील म्हणजे आबाशास्त्री. वय सत्त्याऐंशी, दृष्टी गेलेली, कान मात्र असे की गल्लीच्या टोकाला कुणी दुधात पाणी घातलं तर इथे ओट्यावर ऐकू यावं. आबांनी चाळीस वर्षांपूर्वी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही, असं व्रत. उत्तरेला वरुणा, दक्षिणेला असी. त्यापलीकडे आबांच्या लेखी परदेश. डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पत्ता लिहून दिला, तर आबांनी पहिला प्रश्न विचारला, "नदीच्या अलीकडे की पलीकडे?" पलीकडे निघाल्यावर ते म्हणाले, "राहू दे. पाहायचं ते पाहून झालंय." आणि असल्या बापाचा मुलगा रोज सकाळी वरुणेचा पूल ओलांडून कचेरीला जाई! संध्याकाळी नाना परत येईपर्यंत आबा ओट्यावर बसून राहत, विलायतेहून जहाज यायचं असल्यासारखे.

त्या घरात घड्याळ नव्हतं. होतं, पण ते काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलं होतं. घरातला सगळा वेळ आवर्तनांत मोजला जाई. गणपतीचं रोजचं जे स्तोत्र, ते एकदा म्हणून झालं की एक आवर्तन. दोन-सव्वादोन मिनिटांचं काम. चहा एक आवर्तन, भात पाच, डाळ नऊ. पाहुणा किती वेळ बसला हेही तसंच सांगत. "जोशी आले होते, वीस आवर्तनं हलले नाहीत." नाना चालताना, नळाला रांगेत उभं असताना, दाढी करताना तोंडातल्या तोंडात मोजत असत. मी एकदा म्हटलं, "नाना, मोबाइल आहे की तुमच्याकडे. त्यात वेळ दिसते."

"ते सेलवर चालतं, सातारकर. आवर्तन छातीवर चालतं. सेल बाजारचा, छाती बापाची."

आता असल्या माणसाला कचेरीत रोज उशीर का व्हावा? पहाटे चारला गंगेवर, सहाला पूजा, सातला वडिलांपुढे. पण तिथेच तर सगळं अडत होतं. आबांना सगळी संहिता पाठ होती. वर्षानुवर्षं ते ती रोज थोडी थोडी म्हणत पुढे नेत, शेवटाला पोचत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. वयोमानाने आता एखादा शब्द निसटायचा. नाना समोर बसून तो अलगद धरून द्यायचे. आबा तो घेऊन पुढे जायचे, जणू काही झालंच नाही. ही संथा नऊला संपे. मध्ये उठायचं नाही. उठलं तर सगळं पहिल्यापासून. एकदा स्वयंपाकघरात गॅसवरचं दूध करपून इतका धूर झाला की गल्लीत फायरब्रिगेड आला, तरी बापलेक उठले नाहीत. काकूंनी फायरब्रिगेडला खुणेने चप्पल काढायला लावली.

नऊला नाना निघत आणि पावणेदहाला कचेरीचं यंत्र बंद होई. हे यंत्र नवीन आलं होतं, चेहरा बघून हजेरी लावणारं. जुन्या काळी रजिस्टर होतं. रजिस्टरला माणुसकी होती. यंत्राने पहिल्याच आठवड्यात भस्माचे पट्टे बघून नानांना ओळखायला नकार दिला आणि त्यांच्या मागून ट्रे घेऊन चाललेल्या चहावाल्याची हजेरी लावली. त्या महिन्यात चहावाला नानांपेक्षा चार दिवस जास्त हजर होता.

मधला रस्ता तर विचारूच नका. ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून मैदागिन, तिथून लहुराबीर, मग नदेसर, मग वरुणेचा पूल. कधी दर्शनाच्या गर्दीपायी चारचाकी बंद, कधी दुचाकी बंद, आणि उरलेल्या जागेत सगळ्या जगाचे टोटो. टोटो म्हणजे ती बॅटरीवरची रिक्षा, जी पुढे जात नाही आणि मागच्यालाही जाऊ देत नाही. स्कूटर नानांनी घेऊन पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी गल्लीत तिच्यावर नंदी बसला. उठला तो तिसऱ्या दिवशी. "स्कूटर होती, आता चटई झाली आहे," असं सांगून नानांनी ती भंगारवाल्याला दिली. सायकलला मात्र कुणी अडवत नसे. बॅरिकेडच्या फटीतून ती निघून जाई. फक्त नानांची काळी सायकल इतकी जड होती, की पायऱ्यांवरून उचलून नेताना लोक बाजूला होऊन 'राम नाम' म्हणायच्या बेतात असत.

एका संध्याकाळी नाना माझ्या खोलीत आले आणि न बोलता बसले. नाना न बोलता बसले हीच केवढी मोठी बातमी! दोन आवर्तनं तशीच गेली असतील.

"साहेबांनी बोलावलं होतं," शेवटी ते म्हणाले. "म्हणाले, पलसूलेजी, इस महीने एक दिन भी और लेट, तो सोनभद्र."

"सोनभद्र म्हणजे किती लांब?"

"जाऊन-येऊन नोकरी करता येत नाही, एवढं लांब. तिथेच राहावं लागेल."

"मग आबांना आणि काकूंना घेऊन—" मी बोललो आणि जीभ चावली.

"आबा हद्द ओलांडणार?" नाना म्हणाले. "सातारकर, आबांचे रोज चार-पाच शब्द निसटतात आता. मी समोर असलो की धरून देतो. मी सोनभद्रला गेलो तर कोण धरणार? तुम्ही?"

"मी?"

"तुम्हाला आरती तरी पूर्ण येते का?"

मी पंख्याकडे पाहिलं.

"आबांना सांगितलंत का? संथा दहा मिनिटं अलीकडे संपवली तर..."

"त्यांना सांगायचं नाही," नाना एकदम म्हणाले. "ते लगेच थांबतील. म्हणतील, बंडूच्या नोकरीसाठी थांबतो. आणि एकदा थांबले की..." नाना उठले, रबरबँड ताणून पाहिला, आणि त्यांचा आवाज परत आला. "दहा मिनिटं संथेतून काढायची नाहीत. सडकेतून काढायची. तेज सायकल घेऊ!"

दुसऱ्या दिवशी ही बातमी गल्लीत फुटली आणि काशीतल्या सगळ्या विद्वानांना एकाच वेळी सायकलशास्त्र अवगत झालं. पानवाल्याने सांगितलं, गेर घ्या, गेर. म्हणजे गिअर. दूधवाला म्हणाला, गेर तुटतो, जाड चाक घ्या. एका न्यायशास्त्र्यांनी तर सायकल वेगवान असते की स्वार, यावर दोन तास पूर्वपक्ष मांडला. उत्तरपक्षाला लोक थांबले नाहीत. शेवटी नाना मला घेऊन लहुराबीरच्या पुढे मुन्नाबाबूंच्या दुकानात गेले. मुन्नाबाबू गादीवर असे बसत की त्यांचं पोट हे दुकानाचं काउंटर वाटे.

"का पंडितजी, कैसन चाही?"

"तेज."

"केतना तेज?"

"सोनभद्र पीछे छूट जाए, इतनी. और सस्ती."

मुन्नाबाबूंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "पंडितजी, तेज और सस्ती सगी बहनें नहीं हैं. सौतें हैं. एक घर में नहीं रहतीं."

तरी त्यांनी तीन सायकली काढल्या. पहिली जाड चाकांची, पुढे स्प्रिंगा. चाकं अशी, की ट्रॅक्टरने उसनी मागावीत. मी तिच्यावर बसून दाबून पाहिलं तर ती मलाच दाबून पाहू लागली. दुसरी कोरी करकरीत, रेसची. कण्हेरीच्या काडीसारखी सडपातळ, बोटाएवढी चाकं, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. नानांनी ती दोन बोटांवर उचलली आणि लहान मुलासारखे हसले. मग किंमत ऐकली आणि सायकल खाली ठेवून स्वतःही खाली बसले.

तिसरी कोपऱ्यात धूळ खात होती. तिचंही हँडल शिंगाचं, पण सांगाडा जुन्या पोलादाचा, चाक अंगठ्याएवढं, रंग जागोजागी उडालेला. तिची कथा मुन्नाबाबूंनी डोळे पुसत सांगितली. कुणी एक गोरा आपल्या देशातून पेडल मारत निघाला, अकरा देश तुडवत काशीत आला, आणि चौथ्या दिवशी त्याने सर्वसंगपरित्याग केला. सर्वसंगात सायकल पहिली. दुकानात ती सोडताना गोरा रडला. तेव्हापासून मुन्नाबाबूही रडत होते, कारण तिला गिऱ्हाईक नव्हतं. गोरा असावा सात फुटांचा, आणि काशीत एवढा उंच फक्त विजेचा खांब.

ठरलं असं, की येत्या रविवारी तिन्ही सायकली फिरवून बघायच्या. तुलनेला काळीही होतीच. घराच्या ओट्यापासून निघायचं, वरुणेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत; एवढ्यात कचेरीपर्यंतचं अंतर भरत होतं. पुलाच्या अलीकडून वळायचं, कारण सरकारी काम नसताना काशीबाहेर पाऊल टाकणं नानांना मंजूर नव्हतं. आणि मोजायचं अर्थातच आवर्तनांनी.

रविवारी सकाळी गल्लीला जत्रेचं रूप आलं. आबा ओट्यावर, मी त्यांच्या शेजारी, काकू दारात. आबांना एवढंच माहीत होतं की बंडू नवी सायकल घेतोय. नाना पहिलं आवर्तन मोठ्याने म्हणत काळी घेऊन निघाले आणि शेवटचं म्हणतच परत आले. घामाघूम. "सतरा!"

मग जाड चाकांवर गेले. परत आले. "सतरा!"

मग कोऱ्या करकरीत सायकलवर गेले. मला वाटलं, आत्ता तर गेले, एवढ्यात आले कसे? माझा चहाही अजून निवला नव्हता. पण नाना ओट्याशी उतरले, कपाळावरचा घाम आणि भस्म एकदमच पुसलं आणि ओरडले, "सतरा! बघा! सतराच!"

"नाना," मी भीत भीत म्हटलं, "माझ्या घड्याळात तर तुम्ही..."

त्यांनी हात वर केला. छाती, बाप, बाजारचा सेल, सगळं त्या एका हातात होतं. मी घड्याळ बाहीखाली ढकललं. वैदिकाच्या ओट्यावर बँकवाल्याने मोजणीबद्दल बोलू नये.

गोऱ्याच्या सायकलवर ते पायांची बोटं टेकवत, उंटावर बसल्यासारखे गेले आणि आले. सतरा.

नाना गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एक भाषण ठोकलं. म्हणाले, सगळ्या सायकली सारख्या! गेर, शिंगं, स्प्रिंगा, सगळी धूळफेक! सायकल बनवणाऱ्यांनी दुनियेला उल्लू बनवलंय आणि ते उघडकीला आणायला ब्रह्माघाटच्या एका हेडक्लार्कला जन्म घ्यावा लागला! लोकांनी 'हर हर महादेव' केलं. पानवाल्याने फुकट पान दिलं. आणि नाना काळी सायकल भिंतीला लावायला वळले, तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. एवढा मोठा शोध लावलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. उद्या सोमवार होता, आणि काळी सायकल म्हणजे उशीर, हे तर त्यांना आवर्तनांशिवायही पता होतं.

"बंडू," आबा म्हणाले. "इकडे ये. शेवटचं आवर्तन पुन्हा म्हण."

"आत्ता, आबा?"

"म्हण."

नानांनी धापा टाकत म्हटलं. आबांनी मान तिरकी करून ऐकलं.

"काळीवरून आलास तेव्हा नीट म्हणत होतास. जाड चाकांवरून आलास तेव्हा निम्मी अक्षरं वाटेत सांडून आलास. आणि ती जी पातळ चाकांची, तिच्यावरून उतरलास तेव्हा तू मंत्र म्हणत नव्हतास. भाजी विकत होतास."

पानवाल्याने मघाचं पान परत मागायला हात पुढे केला.

"पाय पळाले तशी जीभ पळाली," आबा म्हणाले. "घड्याळच पळायला लागलं तर ते सतराच दाखवणार. दुसरं काय दाखवेल?"

सगळ्यात आधी हसल्या त्या काकू. दाराची चौकट धरून हसल्या. "म्हणजे एवढी वर्षं आमचा भात कच्चा का राहतो ते आज कळलं! भूक लागली की हे पाच आवर्तनं झपझप म्हणतात, आणि मला ओरडतात, उतरव, उतरव!"

नाना हसले नाहीत. त्यांनी घाईने कोऱ्या करकरीत सायकलचं हँडल धरलं. "आबा, म्हणजे ही तेज आहे?"

"ते तू सांगायचंस. पुन्हा जा. पण माझ्यासमोर बसल्यासारखा म्हणत जा."

हे सांगणं सोपं. तुम्ही कधी हरणाच्या पायांनी पळत हत्तीच्या चालीने बोलून पाहिलंय? नाना मैदागिनपर्यंत गेले आणि परत आले, कारण जीभ आवरली की पाय आवरत आणि पाय सोडले की जीभ सुटे. दुसऱ्या खेपेला लहुराबीरपर्यंत जमलं. दुपारपर्यंत असं झालं, की खालून दोन्ही पाय शिलाईयंत्रासारखे आणि वरून आवाज देवघरातला. नदेसरच्या चौकात पोलिसाने त्यांना पाहून सगळी वाहनं थांबवली. त्याला वाटलं, मागून कुणी शंकराचार्य येत असावेत.

मग खरी मोजणी झाली. काळी सतरा. जाड चाकं पंधरा. कोरी करकरीत साडेदहा. गोऱ्याची अकरा.

"अर्ध्या आवर्तनाचे एवढे पैसे?" नाना कोऱ्या सायकलकडे बघून म्हणाले. "अर्धं आवर्तन मी तसंच—" त्यांना 'गिळीन' म्हणायचं होतं, पण आबा खाकरले.

गोऱ्याची सायकल घरात आली. मुन्नाबाबूंनी सीट इतकी खाली ठोकली की ती सायकलच्या पोटात गेली. नवे ब्रेक लावले. नानांनी डब्यासाठी मागे कॅरियर जोडायला सांगितलं, तेव्हा मुन्नाबाबू पुन्हा रडले. रेसच्या सायकलला कॅरियर म्हणजे वाघाला खोगीर, म्हणाले. नाना म्हणाले, "वाघ काय खाऊन कचेरीत बसणार? डबा तर लागेल."

हे सगळं रविवारी झालं आणि सोमवारी माझी गाडी होती. साताऱ्याला परत बदली. नानांना स्टेशनवर येता येणार नव्हतं, ते मीही धरून चाललो नव्हतो. सकाळी काकूंनी हातावर दही घातलं. आतून संथा ऐकू येत होती. एका ठिकाणी आबांचा आवाज अडला, नानांचा आवाज हळूच आला, आणि आबांचा पुन्हा सुरू झाला. मी ओट्याला हात लावून निघालो.

मैदागिनला टोटोत बसलो आणि टोटो अर्थातच उभा राहिला. पुढे टोटो, मागे टोटो. नऊ वाजून सात मिनिटांनी बॅरिकेडच्या फटीतून मेंढ्याची शिंगं बाहेर आली. मागून नाना. पाठ वाकलेली, उजव्या पायाला रबरबँड, कॅरियरला डबा बांधलेला, आणि एवढ्या कोलाहलात तो सावकाश, भरघोस आवाज. मी "नाना!" म्हणून ओरडणार, इतक्यात लहुराबीरच्या बाजूने मणिकर्णिकेकडे निघालेली एक तिरडी आली.

नाना उतरले. काशीत तिरडीला वाट देतात, पण नानांचा नेम त्याहून कडक होता. सायकल बाजूला घ्यायची, हात जोडायचे, जाणारा दिसेनासा होईपर्यंत पेडलवर पाय ठेवायचा नाही. "घाई करायचा हक्क त्याचा," ते म्हणत. "आपण इथेच आहोत." एक तिरडी गेली. नानांनी पाय उचलला, तेवढ्यात दुसरी. ती गेली, तर मागून तिसरी, आणि ही कुणा शंभरी गाठलेल्या म्हाताऱ्याची, बँड लावून, नातवंडं-पतवंडं नाचवत. तिचं टोक दिसलं तरी शेपूट दिसेना. मी घड्याळ बघत होतो. नऊ दहा. नऊ तेरा. आजूबाजूच्या दहा सायकली आणि एक घोडा मिरवणुकीला वळसा घालून निघून गेले. मला टोटोतून उतरून त्यांना ढकलावंसं वाटत होतं. "नाना, सोनभद्र!" असं ओरडावंसं वाटत होतं. नाना हात जोडून उभे होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि त्या ओठांची चाल अजिबात वाढलेली नव्हती.

नऊ सोळाला बँड वळणाआड गेला. नानांनी डोळे उघडले. सायकलवर टांग टाकली. त्यांनी मला पाहिलं. नक्की पाहिलं, भुवया वर गेल्या. पण आवर्तनाच्या मध्ये बोलायचं नसतं. त्यांनी नुसती मान हलवली, शिंगं धरली, आणि वाकले. मग काय झालं ते सांगून कुणाला पटायचं नाही. टोटोंच्या मधून पांढरा शर्ट एकदा इकडे चमकला, एकदा तिकडे, आणि तो आवाज, तसाच सावकाश, रस्त्याच्या पुढे पुढे जात राहिला. शर्ट दिसेनासा झाला तरी आवाज येत होता.

दिवसभर गाडीत मला काही सुचलं नाही. संध्याकाळी गाडी कुठल्याशा स्टेशनाबाहेर उभी असताना मी नानांच्या घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. फोन आबांनी उचलला.

"आबा, मी सातारकर. नाना वेळेत पोचले का?"

"पोचला."

"यंत्राने ओळखलं?"

"ओळखलं. सात मिनिटं हातात ठेवून पोचला म्हणे. नाचतोय आत. सोनभद्राचंही आज सांगितलं मला त्याने."

"म्हणजे आता बदली नाही! वा, आबा! आता काळजीच मिटली."

आतून नानांचं हसणं आणि काकूंचं काहीतरी ऐकू येत होतं.

"सात मिनिटं म्हणजे तीन आवर्तनं," आबा म्हणाले. "उद्यापासून तेवढी संथा वाढवली आहे."